तटस्थाची खूण

समीक्षेत ‘तटस्थ’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. तटावर उभा राहून, प्रवाहात न उतरता पाहतो तो तटस्थ. अवकाशविज्ञानातला तटस्थ मात्र वेगळा आहे.

आपली सूर्यमाला ताऱ्यांमधल्या अतिविरळ वायूतून जात असल्याने त्या वायूचा वारा सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असतो. जूनच्या आरंभी, आभाळ भरून येण्यापूर्वी, मुळशी तालुक्यातल्या जांबे गावातून संध्याकाळी आग्नेयेस ज्येष्ठा नक्षत्र दिसते. त्याच्या उत्तरेला भुजंगधारी तारकासमूह आहे. हा वारा त्या बाजूने येतो. त्यातल्या विद्युत्भारित कणांना सौरवारा आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र वेशीवरूनच वळवतात. भाररहित अणू मात्र आत शिरतात. हायड्रोजनचे पुष्कळसे अणू वाटेत इलेक्ट्रॉन गमावतात. हेलियम आपला इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही, म्हणून तो पृथ्वीच्या कक्षेपर्यंत बऱ्याच प्रमाणात टिकतो. म्हणजे हा तटस्थ तटावर थांबत नाही, तोच आत येतो.

पण त्याला मोजायचे कसे? विद्युत्क्षेत्राने त्याला वळवता येत नाही. नासाने २००८ साली सोडलेल्या ‘आयबेक्स’ यानावरील उपकरणात येणारा अणू हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप दिलेल्या पृष्ठभागावर आदळतो. हायड्रोजन तिथे एक इलेक्ट्रॉन उचलून ऋणभारित होतो व मोजला जातो. हेलियम तसा टिकाऊ ऋणभार घेत नाही; तो पृष्ठभागावरचेच हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन उडवतो. त्या उडालेल्या कणांवरून हेलियम ओळखायचा. त्यासाठी कोणत्या आघाताला पृष्ठभाग काय देतो, हे आधी प्रयोगशाळेत तपासून ठेवावे लागते.

त्याच जांब्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने जमीन गमावलेल्या कुटुंबावरील कादंबरीविषयी निबंध लिहिला होता. स्वतःच्या घरच्या विकलेल्या शेताबद्दलचे वाक्य तिने खोडले होते. समीक्षा तटस्थ हवी, हे तिचे कारण. खोडलेले वाक्य वाचता येत होते आणि निबंधातले तेवढेच वाक्य कादंबरीने उडवलेले होते. बाकीचे कुणीही लिहिले असते.

ते वाक्य ठेव, असे मी तिला सांगितले. मात्र त्यात कादंबरीचे किती आणि आपल्या शेताचे किती, हेही लिही. वाचकाचा पृष्ठभाग कोरा नसतो. तो कोरा असल्याचा बहाणा करणे म्हणजे ताटस्थ्य नव्हे. आपल्यातून काय उडू शकते हे आधीपासून ठाऊक असणे, एवढेच ताटस्थ्य वाचकाच्या हाती असते, आणि ते अवघड आहे.