फिरता गुण्या

सुताराच्या पेटीत दोन गुण्ये असतात. एक साधा, काटकोनाचा. तो सर्वांना ठाऊक असतो. शाळेच्या कंपासपेटीतला त्याचा धाकटा भाऊ आपण सगळ्यांनी हाताळलेला आहे. दुसरा फिरता. त्याचा दांडा लाकडाचा किंवा लोखंडाचा, दांड्यात पोलादी पाते, पात्याला लांब खाच आणि त्या खाचेतून गेलेला एक स्क्रू. स्क्रू सैल केला की पाते हवे तसे फिरते, मागेपुढे सरकते. आवळला की आहे तिथे थांबते. दुकानात त्याला बेव्हल म्हणतात. आमचे अण्णा फिरता गुण्याच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

या गुण्यावर आकडे नसतात. जुन्या खुर्चीचा पाय किती कलला आहे हे तो अंशांत सांगत नाही. तो पायाला टेकवायचा, पाते त्या कलाशी जुळवायचे, स्क्रू आवळायचा आणि तोच कल नव्या लाकडावर आखायचा. साध्या गुण्याला एकच कोन येतो आणि तो कधी विसरत नाही. फिरत्याला स्वतःचा कोनच नाही. दिलेला कोन वाटेत न सांडता पोचवणे, एवढेच त्याचे काम.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असा एक गुण्या निवडून आणण्याची पाळी माझ्यावर आली. का आली, ते आधी सांगायला हवे. कारण तेच सांगायचे मी सहा महिने टाळले होते.

मे महिन्याची गोष्ट. शेजारच्या वाडीतल्या एका गृहस्थांचे जुने घर उतरवले होते. त्यातल्या सागवानी तुळईचा एक तुकडा त्यांनी आमच्याकडे आणून टाकला. “आईच्या घरातलं एवढंच उरलंय. याच्या चार खुर्च्या करा,” म्हणाले. लाकूड चार खुर्च्यांपुरतेच होते. चूक करायला त्यात जागा नव्हती.

खुर्चीची बैठक पुढे रुंद आणि मागे थोडी अरुंद असते. त्यामुळे तिच्या बाजूच्या पट्ट्या पायांना काटकोनात मिळत नाहीत, किंचित तिरक्या मिळतात. पट्टीच्या दोन्ही टोकांना कुसू काढायचे आणि ते पायाच्या भोकात बसवायचे. पण त्या कुसवाचा खांदा नेमक्या त्याच तिरकेपणाने कापला गेला पाहिजे. अण्णांनी फळीवर खुर्चीचा पूर्ण मापाचा आराखडा काढला, त्यावर गुण्या ठेवून कोन घेतला आणि स्क्रू आवळून माझ्या हाती दिला. “आठही पट्ट्या आखून ठेव. मी जेवून येतो.”

त्याच्या आदल्या दिवशी हाच गुण्या माझ्या हातून जांभ्याच्या पायरीवर पडला होता. उचलून पुसला, दिसायला काही झाले नव्हते. स्क्रूचे आटे मात्र चेपले होते. तो आवळल्यासारखा वाटे, पण पाते धरून ठेवीत नसे. पाचव्या पट्टीच्या वेळी ते मला जाणवलेसुद्धा. पाते जरासे हलले. पुन्हा आराखड्यावर नेऊन जुळवायला एक मिनिट लागले असते. मी अंदाजाने सारखे केले आणि उरलेल्या पट्ट्या आखून टाकल्या.

अण्णांनी माझ्या रेघांवर करवत चालवली. दोन खुर्च्या जमल्या. तिसरी जोडून पाहिली तर मागची पट्टी बसेना. चार अंश म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल एवढाच फरक; पण 16 इंच लांबीच्या पट्टीवर तो दुसऱ्या टोकाला एक इंचाहून जास्त होतो, आणि इथे दोन्ही बाजूंनी झाला होता. अण्णा बराच वेळ खाली बसून राहिले. मग त्यांनी चुकलेल्या चारही पट्ट्यांचे खांदे नव्याने कापले. त्याने त्या आखूड झाल्या, म्हणून चारही खुर्च्या सारख्या दिसाव्यात यासाठी बरोबर असलेल्या चार पट्ट्याही तेवढ्याच कापल्या. बैठक अर्ध्या इंचाने कमी झाली. मालक आले तेव्हा त्यांना काही कळले नसते. अण्णांनी आपणहून सांगितले, “चूक आमच्या हातून झाली आहे,” आणि मजुरीतले पैसे कमी केले. मी शेजारी उभा होतो. गुण्या पडल्याचे तेव्हाही बोललो नाही.

दिवाळीत मी मामांकडे मुंबईला निघालो तेव्हा अण्णा म्हणाले, “नागदेवीला जाऊन एक फिरता गुण्या आण. तूच बघून घे.” मग कसा बघायचा ते सांगितले. दांडा साध्या गुण्याला लावून सरळ आहे का ते पाहायचे. गुण्या न हलवता पात्याच्या दोन्ही कडांनी रेघा ओढायच्या आणि त्यांच्यातले अंतर दोन्ही टोकांना मोजायचे. ते सारखे नसेल तर पाते टाकाऊ. पाते दांड्यात पुरते मिटते का पाहायचे. “आणि शेवटी,” ते म्हणाले, “स्क्रू आवळ, एक रेघ ओढ, पात्याला अंगठ्याने दाब दे आणि पुन्हा त्याच रेघेवर लावून बघ.”

मशीद स्टेशनवर उतरून मी नागदेवी स्ट्रीटवर गेलो. दोन्ही बाजूंना हत्यारांची दुकाने. करवती, पटाश्या, रंध्याची पाती, गिरमिटे. एका दुकानदाराने माझ्यापुढे तीन गुण्ये मांडले. पहिला प्लॅस्टिकच्या दांड्याचा, स्वस्त, दोन पंखांच्या नटाचा. दुसरा गडद लाकडाचा, पितळी पट्ट्या मारलेला, इतका देखणा की तो घेऊन घरी जावे आणि नुसता खिडकीत ठेवावा. तिसरा ओबडधोबड लोखंडी, त्याचा स्क्रू दांड्याच्या शेपटाला. त्याने आकडे दाखवणारे, बॅटरीवर चालणारे यंत्रही पुढे केले. ते काही वाईट नव्हते. पण कोन मोजून आकडा वाचायचा आणि तो आकडा पुन्हा लाकडावर उतरवायचा, म्हणजे चुकायला दोन जागा. फिरता गुण्या आकड्याच्या भानगडीतच पडत नाही.

मी खोक्याचे एक झाकण मागून घेतले आणि सरळ कडेला गुण्या लावून रेघा ओढू लागलो. दुकानदार हसला; मागे दोन गिऱ्हाइके ताटकळत होती. पहिल्याने अंगठ्याच्या पहिल्याच दाबाला रेघ सोडली. दुसऱ्याने रेघ धरली, पण त्याचा नट दांड्याच्या वर येत होता. डाव्या पट्टीवर आखलेला कोन उजवीवर आखायचा तर गुण्या पालथा करावा लागतो; पालथा केला की नट लाकडावर टेकतो आणि दांडा कडेला नीट बसत नाही. तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी काही आड येत नव्हते. मी दाबला, पुन्हा दाबला. पाते हलले नाही. किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होती. मामांनी दिवाळीला दिलेले पैसे त्यात घालून तो घेतला.

घरी आल्यावर अण्णांनी तो हातात घेतला, ओसरीवरच्या फळीवर एक रेघ ओढली आणि अंगठ्याने पाते दाबले. मला पुढे राहवेना. “अण्णा, जुना गुण्या माझ्या हातून पडला होता. खुर्च्यांच्या आदल्या दिवशी. आणि आखताना तो हलला, ते मला कळलं होतं.”

अण्णांनी मान वर केली नाही. “आटे चेपलेले मी त्याच संध्याकाळी बघितले,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या हातात हत्यार देताना ते तपासून द्यायचं असतं. मी तपासलं नाही. ती चूक माझीच, म्हणून तसं सांगितलं.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “पण हलला हे कळल्यावर तू पुढं आखायला नको होतंस.”

ते रागावले असते तर बरे झाले असते. पडणे हा अपघात होता आणि तो त्यांनी आपल्या खात्यावर घेतला होता. पाचव्या पट्टीपाशी माझ्या हाती असलेले एक मिनिट मात्र त्यांनी माझ्याच खात्यावर ठेवले, आणि ते तिथेच राहायला हवे.

खुर्च्या त्या गृहस्थांच्या ओसरीवर आहेत. सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला त्यातल्याच एकीवर बसवले. “मस्त झाल्यात,” म्हणाले. अर्धा इंच बसणाऱ्याला जाणवत नाही. मला जाणवला.

नवा गुण्या आता अण्णांच्या पेटीत आहे. त्यांनी कोन घेऊन तो माझ्या हाती दिला की मी आधी पाते अंगठ्याने दाबून पाहतो. अण्णा बघतात, काही बोलत नाहीत. मग मी पहिली रेघ ओढतो.