पित्त म्हणता म्हणता

मराठीत 'काळीज' या शब्दाची मोठी गंमत आहे. खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर तो यकृत तोलून देतो. आणि त्याच भाषेत आईचे काळीज तुटते, भित्र्याचे काळीज धडधडते, तेव्हा आपल्या मनात असते ते हृदय. पोटातल्या आणि छातीतल्या अवयवांची ही अदलाबदल आपण पिढ्यानपिढ्या निर्धास्तपणे करीत आलो आहोत. इंग्रजांचे तरी काय वेगळे आहे? जठरातील आम्ल वर चढून होणाऱ्या जळजळीला ते 'हार्टबर्न' म्हणतात, आणि अन्ननलिका जठराला जेथे मिळते त्या जागेचे वैद्यकीय नाव 'कार्डिया', म्हणजे ग्रीक भाषेतले हृदयच. इतक्या दूरदूरच्या भाषा एकाच ठिकाणी अडखळतात, तेव्हा दोष भाषांचा नसावा. शरीरच तसे बोलते.

हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून वेदनेचा निरोप नेणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागात, छातीच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर, शिरतात. मेंदूला निरोप मिळतो. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र पुसट असतो. बोटाला काटा टोचला तर आपण नेमकी जागा दाखवतो. आतल्या इंद्रियांना ही सोय नाही. म्हणून छातीच्या मधल्या हाडामागे 'कुठेतरी' दुखते आणि कळ जबड्याकडे, पाठीकडे, डाव्या दंडाकडे पसरते. आम्लाने डिवचलेली अन्ननलिका पेटका येऊन आवळली गेली, तर ती कळही तशीच पसरू शकते.

आपल्या घरांत या साऱ्यासाठी एक शब्द तयार असतो : पित्त. शब्द जुना आणि प्रतिष्ठित आहे. 'माधवनिदाना'त आम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण दिलेले असून त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद केलेले आहेत. कडू-आंबट ढेकर, अन्नावरची वासना उडणे, हृदयाच्या ठिकाणी आणि कंठात दाह ही त्याची लक्षणे तेथे सांगितली आहेत. म्हणजे त्या ग्रंथकारालाही दाहाची जागा सांगताना हृदयाचेच नाव घ्यावे लागले. परंतु घरगुती 'पित्त' हे ग्रंथातल्या पित्तापेक्षा फार ऐसपैस आहे. डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, जाग्रण झाले की पित्त, आणि सून उलट बोलली की सासऱ्यांचे पित्त खवळते ते निराळेच! इतक्या गोष्टींचा उलगडा करणारा शब्द हाताशी असला की पुढे चौकशी करण्याचे कारण उरत नाही, आणि मला या शब्दाचे भय वाटते ते एवढ्यासाठीच.

आपल्या भागाला पित्ताचे अगत्य असावे यात नवल नाही. निपाणीहून बेळगावला येताना वाटेत संकेश्वर लागते आणि तेथल्या मिरचीची ख्याती मी सांगायला नको. तिखटजाळ रस्सा, त्यावर तेलाचा तवंग, रात्री उशिराची पंगत, वर कुंदा, आणि लगेच अंथरूण. जठराच्या तोंडाशी स्नायूंचे एक वलय असते. गिळलेला घास खाली जाऊ द्यावा आणि जठरातले आम्ल वर येऊ देऊ नये, एवढेच त्याचे काम. भरगच्च जेवण, स्निग्ध पदार्थ, चहा-कॉफी, मद्य यांनी ते ढिले पडते. त्यात माणूस आडवा झाला की आम्लाला चढ चढण्याचेही श्रम उरत नाहीत. आणि ज्या तंबाखूवर निपाणीने आपले वाडे उभारले, ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि गोळीबारात कित्येकांनी प्राण गमावले, ती तंबाखू तर दोन्हीकडून वैर साधते. तिच्यातले निकोटिन हे वलय सैल करते; आणि तीच तंबाखू हृदयाच्या रोहिण्यांचीही हानी करते. तंबाखूवाल्याच्या छातीत जळजळले तर ते पित्त असण्याची शक्यता वाढलेली असते, आणि नसण्याचीही.

आमचे थोरले काका निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. १९८३ च्या श्रावणात एका रात्री, जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, ते उठून बसले. छातीत जळत होते. घामाने सदरा भिजला होता. काकू घाबरल्या, तेव्हा काका म्हणाले, "काय न्हाई गं, पित्त खवळलंय. सोडा दे जरा." सोडा दिला, ढेकर आली, बरे वाटले. तासाभराने पुन्हा जळजळ, पुन्हा सोडा. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर राहत होते. पण पित्तासाठी रात्री दोन वाजता कोणाचे दार वाजवायचे, या भिडेने कोणी गेले नाही. पहाटेच्या सुमारास ते गेले. दाखल्यावर हृदयविकार असे लिहिले गेले. घरात मात्र पुढची कित्येक वर्षे 'ते पित्ताने गेले' असेच सांगितले जाई, जणू पित्ताने माणूस पहाटेपर्यंत असा सहज जातो!

या भिडेला मोठमोठ्यांचीही साथ आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर सुट्टीसाठी डेन्व्हरला होते. दिवसभर गोल्फ झाले, दुपारी कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला, पोटाची तक्रार सुरू झाली. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. वैद्य उशाशी होते, तरीही बाहेर प्रथम वार्ता गेली ती अपचनाची. काही तासांनी हृदयाचा आलेख काढला तेव्हा तो झटका असल्याचे स्पष्ट झाले. तेही त्या काळी, जेव्हा हा रोग वैद्यांना चांगला ठाऊक झालेला होता. विल्यम हेबर्डेन यांनी लंडनमध्ये १७६८ साली, श्रम करताना छाती आवळणाऱ्या या व्याधीचे वर्णन करून तिला नाव दिले होते; हृदयाच्या रोहिणीत गुठळी होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि त्याचे निदान जिवंतपणी करता येते, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडले होते. त्यापूर्वी तिकडेही असे कितीतरी मृत्यू 'तीव्र अपचन' या नावाखाली नोंदले जात. आमच्या काकूंचे 'पित्ताने गेले' त्यांच्या दप्तरातही होते तर.

माझ्या स्वतःच्या छातीने मला विचारले ते २०१६ च्या मे महिन्यात. निपाणीत भाचीचे लग्न लावून आम्ही संध्याकाळी बेळगावला परतलो होतो. रात्री साडेअकराला छातीच्या मध्यभागी निखारा ठेवल्यासारखे झाले आणि डाव्या खांद्यात जडपणा आला. पत्नी म्हणाली, "अहो, दुपारचा मठ्ठा आणि जिलबी. पित्तच असेल." असेलही, मी म्हटले, पण ते मला दुसऱ्या कोणाकडून ऐकायचे होते. रुग्णालयात पोचलो. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "एदे नोवो, उरियो?" छातीत दुखते की जळते? आयुष्यभर या मातीत राहून इतके कन्नड मला येते. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला मराठीतही देता आले नसते. दुखत होते, जळतही होते. दोन्ही, म्हणालो. ते हसले नाहीत. आलेख काढला, तो ठीक निघाला. मला वाटले, सुटलो. त्यांनी थांबवून घेतले. पहिला आलेख निर्दोष असला तरी झटका नाही असे ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. ते वाढायला काही तास लागतात, म्हणून रक्त दोनदा तपासायचे. ती मधली सहा तासांची वाट मी पंख्याकडे पाहत काढली. शेजारच्या खाटेवर खानापूरकडचे एक शेतकरी होते. त्यांना छातीत काहीच होत नव्हते, नुसती मळमळ आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मधुमेह जुना. त्यांना पहाटे घाईघाईने आत नेले. हृदयाच्या खालच्या भिंतीला झालेली इजा पोटाच्या भाषेत बोलते, हे मला तेव्हा समजले. मधुमेहींमध्ये तर कधी छाती गप्पच राहते.

माझी दुसरी तपासणीही निर्दोष आली. पुढे रोहिण्यांचीही तपासणी झाली, दुर्बिणीने अन्ननलिका पाहिली गेली, आणि आम्लाने तिचा खालचा भाग लालबुंद झालेला आढळला. मग पित्त हे नाव मला सन्मानाने मिळाले. क्रम महत्त्वाचा आहे. आधी हृदय नाही असे ठरते, नंतर पित्त आहे असे ठरते. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो.

ओळखण्याच्या खुणा नाहीत असे नाही. वाकल्यावर, आडवे झाल्यावर वाढणारी, तोंडात आंबट पाणी आणणारी, घशापर्यंत चढणारी जळजळ बहुधा आम्लाची. जिना चढताना येणारे, थांबल्यावर उतरणारे दडपण, घाम, धाप ही बहुधा हृदयाची. पण या 'बहुधा'वर रात्री दोन वाजता विसंबायचे कोणी? सोड्याने किंवा आम्लनाशक गोळीने बरे वाटले म्हणजे हृदय नव्हे, आणि सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवून बरे वाटले म्हणजे हृदयच, ही दोन्ही घरगुती प्रमाणपत्रे वैद्यक मानीत नाही. दुसरी गोळी तर अन्ननलिकेचा पेटकाही सोडवते. औषधांच्या इतिहासातही ही दोन दुखणी शेजारी आहेत. हृदयशूळावरचे प्रोप्रॅनोलॉल आणि आम्लावरचे सिमेटिडिन या दोहोंमागे एकच माणूस, सर जेम्स ब्लॅक. १९८८ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी होते.

वयाचा भरवसाही आपल्याला कमी. ५२ देशांत झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या झटक्याचे मध्यम वय दक्षिण आशियात ५३, तर इतरत्र ५९ च्या आसपास आढळले. 'एवढ्या वयात कसला हार्ट, पित्तच ते' हे वाक्य आपल्याला परवडणारे नाही.

आता सोयी आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून धावते. निपाणीकर जवळ म्हणून कोल्हापूर गाठतात, आम्ही बेळगाव. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. ज्याच्या छातीत कळ येते त्याला त्या क्षणी यांपैकी काही आठवत नाही, दवाखान्याचा दिवा तेवढा दिसावा लागतो.

गेल्या मार्गशीर्षात थोरल्या काकांच्या मुलाचा, माझ्या चुलतभावाचा, निपाणीहून रात्री अकराला दूरध्वनी आला. छातीत जळते आहे, पण पित्तच असावे, तुझी गोळी कोणती ते सांग. मी गोळीचे नाव सांगितले नाही. गाडी काढ म्हणालो. तो कुरकुरत कोल्हापूरला गेला, रात्रभर तेथे राहिला, दोनदा रक्त दिले. निघाले पित्तच. आठवड्याने मी निपाणीला गेलो तेव्हा त्याने बिल माझ्यापुढे धरले. "बघ. पित्तासाठी एवढं पैसं." आतून काकू आल्या. नव्वदीला टेकल्या आहेत, ऐकू कमी येते. पण हे त्यांना ऐकू गेले होते.

"गेलं तर जाऊ देत पैसं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "तू जेवूनच जा. तिखट करू का फिकं?"