लिंबाएवढे बटाटे

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा निघू लागला की शेताच्या कडेला दोन ढीग पडतात. मोठा माल पोत्यात जातो. लिंबाएवढा, सुपारीएवढा मागे राहतो. पावसाने मध्येच ताण दिला तर हा मागे राहणारा ढीगच मोठा होतो. अशा ढिगाशी निवडायला बसलेली एक आजी मला म्हणाली, "साहेब, मोठे बाजाराला अन् बारीक आमच्या कपाळाला!"

पट्टी हलकी आली की घराचे वर्षाचे गणित कोलमडते, ते खरेच. पण खाण्यापुरते म्हणाल तर कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. किलोला किलो धरले तर बारीक बटाट्यातही जवळजवळ तेवढेच सत्त्व असते. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे २० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. सोलून, चिरून उकळला की त्यातले बरेचसे पाण्याबरोबर ओतले जाते. बारीक बटाटा सालीसकट अख्खा उकडता येतो, ही त्याची जमेची बाजू. प्रथिने मात्र जेमतेम दोन टक्के. म्हणून सोबत शेंगदाण्याचा कूट हवाच.

बटाटे घासून धुवावेत, मिठाच्या पाण्यात उकडावेत आणि सुरीच्या टोकाने टोचावेत, म्हणजे मसाला आत मुरतो. तेलात जिरे, ठेचलेला लसूण, तिखट व कूट परतून त्यात ते घोळवावेत, पाण्याचा हबका मारून वाफ आणावी. बाजरीच्या भाकरीबरोबर दुसरे कालवण लागत नाही. उपवासाला लसूण वगळून तूप, जिरे, हिरवी मिरची. चुलीच्या राखेत भाजलेल्या बटाट्याला तर मीठ पुरे, पोरांना विचारा!

भगिनींनो, एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. हलका माल म्हणून हे बटाटे अंगणात उघडे पडतात आणि उजेडाने हिरवे होतात. हिरव्या सालीत आणि कोंबांत सोलानिन नावाचे विष वाढते. ते शिजवूनही जात नाही. पोटात कळा, उलट्या, जुलाब होतात. मुलांना लवकर बाधते. 'थोडासाच हिरवा आहे' म्हणून घरची बाई तो आपल्या ताटात घेते, हे मी कितीदा पाहिले आहे. मोठ्या बटाट्याचा हिरवा भाग खोल कापून काढता येतो, लिंबाएवढ्याचा कापून उरणार काय? तो टाकावाच. कडू लागला तर पहिलाच घास थुंकावा.

काढल्या दिवशीच बटाटे घरात, अंधाऱ्या हवेशीर कोपऱ्यात, कोरड्या गोणपाटाखाली ठेवावेत. हिरवे झालेले गुरांपुढे टाकू नयेत. उकिरड्यावरही नकोत, शेळ्या तिथे पोचतातच. खड्डा घेऊन खोल पुरावेत.