बुजलेला झरा

गेल्या मे महिन्यात आमच्या चर्चच्या आवारातील जुनी विहीर उपसली. आमच्या वसई पट्ट्यात एकेकाळी पहाटेच वाडीवाडीतून रहाटाची कुरकुर ऐकू येई. पानवेली, केळी आणि फुलझाडे त्याच पाण्यावर वाढली. पुढे घरोघरी नळ आले आणि आपण विहिरींकडे पाठ फिरवली. आमच्या आवारातील विहीरही अशीच विस्मरणात गेली होती. ती बुजवून वाहने उभी करण्यास जागा करावी, असा विचार पुढे आला होता आणि खरे सांगायचे तर त्यास आमची मूक संमती होती.

परंतु गावातील एका वयस्क शेतकऱ्याने हट्ट धरला. तरुण मंडळी दोर आणि घमेली घेऊन आत उतरली. तीन दिवस गाळ निघत होता. त्यात करवंट्या होत्या, मुलांचे चेंडू होते, प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. आणि आम्हांला खजील करणारी गोष्ट म्हणजे आल्तारावरून काढलेल्या पुष्परचनांच्या गंजलेल्या ताराही होत्या. देवाच्या सेवेतला कचराही आम्ही त्याच पाण्यात टाकला होता! चौथ्या दिवशी तळाच्या खडकातील कपारीतून पाणी पाझरू लागले. कठड्यावर टेकलेले ते वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “फादर, झरा आटला नव्हता, बुजला होता. उपसा थांबला की विहीर अशीच मरते.”

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. निदान विहिरीचे झाले होते; दुखणे मात्र आमचे होते.

डीकनपदाच्या दीक्षेवेळी आम्ही प्रहराप्रहराची प्रार्थना नित्य म्हणण्याचे वचन दिले होते. सेमिनरीतील दिवसांत त्या प्रार्थनेची गोडी होती. पुढे धर्मग्रामाची जबाबदारी आली. चर्चच्या छपराची दुरुस्ती, शाळेच्या सभा, हिशेब, लग्नाची कागदपत्रे आणि अखंड वाजणारा फोन! प्रार्थना आधी लांबणीवर पडली, मग घाईत उरकू लागली आणि एके दिवशी राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी ती राहिल्याचे वाईटही वाटले नाही. बाहेरून काहीच बिघडले नव्हते. मिस्सा वेळेवर होत होती आणि प्रवचनांची स्तुतीही कानी येत होती. आम्ही लोकांना पाणी वाटत होतो. पण ते जुन्या साठ्यातले होते.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यास गेलो असता अंथरुणाला खिळलेल्या एका आजींनी आमचा हात धरला. “फादर, मी रोज तुमच्यासाठी एक रोजरी म्हणते. तुम्ही आमच्यासाठी काय म्हणता?” त्यांच्या मनात टोमणा नव्हता. भाबडेपणाने विचारलेला प्रश्न होता तो. आम्ही “आशीर्वाद देतो, आजी” असे काहीसे पुटपुटलो आणि घाईने बाहेर पडलो. छत्री तिथेच विसरली.

बंधुभगिनींनो, अधोगती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठे पाप येते. प्रत्यक्षात श्रद्धा बहुधा कोसळत नाही, ती गाळाने भरत जाते. म्हणून तर ती जाताना आवाज होत नाही.

मोठमोठ्या संतांनाही हा गाळ चुकलेला नाही. अविलाची संत तेरेजा 1535 साली कार्मेल मठात दाखल झाली. पुढे एका काळात तिने वर्षाहून अधिक काळ एकांतातील प्रार्थना सोडून दिली. कारण तरी किती सोज्ज्वळ! आपण अपात्र आहोत, देवापुढे बसण्याचे धारिष्ट आपण करू नये. नम्रतेचे रूप घेऊन आलेला हा सर्वांत मोठा मोह होता, असे तिने आत्मचरित्रात कबूल केले आहे. ती प्रार्थनेकडे परतली, तरी पुढेही कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच तिचे लक्ष असे. वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीपुढे तिचे अंतःकरण पाझरले. याच तेरेजेला 1970 साली पोप पौल सहावे यांनी धर्मपंडिता ही पदवी दिली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री होय.

तिने प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. पाणी मिळवण्याचे चार मार्ग ती सांगते: विहिरीतून हाताने शेंदणे, रहाट फिरवणे, ओढ्याचे पाणी आणि पाऊस. स्पेनमधल्या त्या जोगिणीला रहाट ठाऊक होता, हे वाचून आम्हां वसईकरांना ती शेजारीणच वाटावी! तिचे पुढचे म्हणणे अधिक मोलाचे आहे. पोहरा पुन्हा पुन्हा रिकामा वर आला तरी माळ्याने विहिरीवर यावे, कारण बागेचा धनी त्याचे येणे पाहत असतो.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. मन कोरडे असणे म्हणजे अधोगती नव्हे. कोलकात्याच्या संत तेरेजा यांनी कित्येक वर्षे अंतरंगात अंधार सोसला, तरी पहाटेची प्रार्थना आणि गरिबांची सेवा सोडली नाही. रिकामा पोहरा हे अपयश नाही. पोहरा सोडणेच थांबवणे, हा धोका आहे.

आपल्या घरांतही संध्याकाळची रोजरी अशीच मागे पडते. आधी दूरदर्शनच्या मालिकेसाठी, आता मोबाईलसाठी. सर्व पंधरवडाभरात पूर्ववत करू, असा संकल्प टिकत नाही. तेव्हा एकच दशक म्हणा, पण ठरल्या वेळी म्हणा. वर्षानुवर्षे टाळलेला प्रायश्चित्त संस्कार घ्या. गाळ वर काढताना दुर्गंधी येणारच, तिला भिऊ नका. आणि आजींसारखे विचारणारे कोणी जवळ असू द्या.

आम्ही पहाटे पाचला पुन्हा बसू लागलो. मोठा साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. पुष्कळदा डुलकी लागते, पुष्कळदा हिशेब आठवतात. ऑगस्टमध्ये आजी देवाघरी गेल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देण्याचे राहूनच गेले. आता रोज पहाटे त्यांचे नाव घेऊन आरंभ करतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्याची हकिकत आहे. इसहाकाने त्याच विहिरी पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली. आपल्या आईवडिलांनीही आपल्यासाठी विहिरी खणून ठेवल्या आहेत. त्या कोठे आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. घमेले तेवढे हाती घ्यावयाचे आहे.