सानरेमोतलं धिरडं

पोस्टिंगच्या आठवणींत सानरेमोची गोष्ट लिहायची राहूनच गेली होती. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचं हे गाव. तिथे व्हिला ओर्मोंदमध्ये मानवतावादी कायद्याची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. देशोदेशीचे लष्करी अधिकारी युद्धाचे कायदे शिकायला तिथे येतात, तसा मीही गेलो होतो. दिवसभर वर्ग. संध्याकाळी एकच प्रश्न, भत्त्यात बसेल असं जेवण कुठे मिळेल?

जुन्या वस्तीला ला पिन्या म्हणतात. तिथल्या एका चढाच्या गल्लीत कागदी टेबलक्लॉथचं घरगुती खानावळवजा हॉटेल सापडलं. मालकाची म्हातारी आई भट्टीजवळ खुर्ची टाकून बसलेली. मी फारिनाता मागवली. छोल्यांचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस! पीठ काही तास भिजू देतात, वरचा फेस काढतात आणि तांब्याच्या रुंद, उथळ परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत सारतात. कडा कुरकुरीत, आत मऊ, वरून मिरपूड. कांदा-मिरची विसरलेलं आपलं धिरडंच! मागोमाग पेस्तो लावलेला त्रोफिए पास्ता आला, त्यात बटाटा आणि फरसबी. पास्त्यात बटाटा बघून हसू आलं, पण ताट पुसून खाल्लं.

आणि आजोबा आठवले. ते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीचे लांगरी म्हणून इटलीतच होते. इथे नाही, अॅपेनाइन डोंगरांपलीकडे. सेनियो नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, हे आपल्याला पाठ आहे. आजोबा लढायांबद्दल बोलत नसत. ते सांगत एका बाईबद्दल. ती रोज डबा घेऊन लंगरापाशी उभी राहायची, आजोबा डाळ वाढायचे. एक दिवस हुकूम आला, बाहेरच्यांना अन्न द्यायचं नाही. "मी पळी खाली ठेवली," एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

त्याच सकाळी वर्गात चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 55 झालं होतं. ताब्यातल्या प्रदेशातल्या लोकांना, साधनं असतील तितकं, अन्न पुरवणं हे ताबा घेणाऱ्याचं कर्तव्य. करार 1949 चा. आजोबा तोवर गावी परतून नांगर धरत होते. त्या बाईला ते कलम लागू पडलं असतं की नाही, यावर वर्गात वाद घालता आला असता. मी घातला नाही.

म्हातारी उठली, परातीच्या कडेचा करपट तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि हातानेच खूण केली, खा. तिला सगळं सांगावंसं वाटलं, पण माझं इटालियन 'ग्रात्सिए'पाशी संपतं. बिलात तो तुकडा नव्हता. टेबलाचे दोन युरो मात्र चोख लावलेले.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा चढून गेलो. आठवड्याची सुट्टी, शटर खाली.