निवेदनाची पोच

लोकप्रतिनिधींनी एखादा कायदा बदलावा किंवा एखाद्या तरतुदीसाठी सरकारकडे आग्रह धरावा म्हणून संघटितपणे केल्या जाणाऱ्या प्रयत्नांना ‘लॉबिंग’ म्हणण्याची पद्धत असली, तरी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या निवृत्त कामगारांमध्ये त्यासाठी ‘पाठपुरावा’ हाच शब्द रूढ आहे, आणि तोच अधिक नेमका आहे. कारण लॉबी म्हणजे सभागृहालगतचे दालन, जेथे प्रवेश मिळणे गृहीत धरलेले असते, तर पाठपुरावा करणारा पाठीमागून चालत असतो. प्रस्तुत लेखक कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून २०११ च्या नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाला आणि २०२२ पासून पुढील तीन वर्षे तालुक्यातील निवृत्तांच्या शिष्टमंडळाबरोबर आमदार, खासदार व मंत्रालये यांच्याकडे जात राहिला. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

या निवृत्तांचे निवृत्तिवेतन ज्या योजनेतून येते ती ‘कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५’ त्या वर्षाच्या १६ नोव्हेंबरला अस्तित्वात आली आणि तिने १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेची जागा घेतली. कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीसाठी मालक जे बारा टक्के भरतो, त्यांपैकी ८.३३ टक्के या योजनेकडे वळवले जातात आणि केंद्र सरकार वेतनाच्या १.१६ टक्के स्वतःकडून घालते. मात्र हे दोन्ही हिशेब प्रत्यक्ष वेतनावर होत नसून कायद्याने ठरवलेल्या वेतनमर्यादेपर्यंतच होतात, आणि ही मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये व १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये राहिली. निवृत्तिवेतन काढण्याचे सूत्र एका ओळीत मावते: निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि ७० ने भागावे. सत्तर हा आकडा वरवर यादृच्छिक वाटला, तरी त्यामागे हिशेब आहे. पस्तीस वर्षांच्या सेवेला निम्मे वेतन मिळावे, असा तो हिशेब आहे. ज्या कामगाराची १९९५ नंतर सोळाच वर्षे सेवा झाली, त्याला ६,५०० गुणिले १६ भागिले ७० या प्रमाणे महिना १,४८६ रुपये आणि १९९५ पूर्वीच्या सेवेबद्दल तक्त्यात ठरवून दिलेली किरकोळ रक्कम, एवढेच हाती येते. आयुष्यभर इतरांच्या पगारपत्रकांची बेरीज तपासणाऱ्याला स्वतःच्या पेन्शनची बेरीज पाहून चूक शोधावीशी वाटली आणि ती सापडली नाही, ही गोष्ट त्याच्या सोबत्यांत थोडी थट्टेचा विषय होऊन राहिली. या रकमेला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशी ठरलेला आकडा पुढे तसाच राहतो. फक्त ज्यांचे निवृत्तिवेतन हजारांहून कमी होते, त्यांना २०१४ मध्ये किमान एक हजार रुपये देण्याचा निर्णय झाला.

पाठपुराव्याचे पहिले हत्यार म्हणजे निवेदन, आणि निवेदनाचा प्राण म्हणजे पोच, अर्थात दुसऱ्या प्रतीवर मिळणारा कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक व तारीख. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. तरी दिल्लीला जाणारे निवेदन मराठीत दिले तर ते ‘भाषांतरासाठी’ म्हणून कोठेतरी विसावते, अशी समजूत शिष्टमंडळात पक्की होती, आणि म्हणून हिंदी प्रत एका निवृत्त शिक्षिकेकडून करून घेतली जात असे. आरंभीची निवेदने पाहिली तर त्यांत ‘तुटपुंज्या पेन्शनवर जगणे मुश्कील झाले आहे’, ‘मायबाप सरकारने लक्ष घालावे’ अशी वाक्ये ओळीने येतात. ही भाषा खोटी नव्हती. पण ती दानाची भाषा होती. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून केलेल्या सेवेचे देणे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात स्पष्ट केले आणि हाच दिवस पुढे पेन्शनर दिन म्हणून पाळला जाऊ लागला. तो खटला सरकारी निवृत्तांचा असला, तरी त्यातील विचार कारखान्यातल्या निवृत्तांनाही जवळचा वाटावा असाच आहे. आश्चर्य असे की दरवर्षी १७ डिसेंबरला हार घालून हा दिवस साजरा करणाऱ्या सभांतूनच मायबाप सरकारची विनवणी करणारे ठराव मंजूर होत असत.

हे वळण बदलले ते एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात. खासदार अधिवेशनासाठी दिल्लीत असल्याने शिष्टमंडळाची गाठ त्यांच्या स्वीय सहायकाशी पडली. वय तिशीच्या आतबाहेर, समोर आलेल्या प्रत्येकाला ‘काका, बसा’ म्हणणारा आणि फोन कानाशी धरूनच वाचणारा. किमान निवृत्तिवेतन ७,५०० रुपये करावे, त्याला महागाई भत्ता जोडावा आणि पती-पत्नी दोघांना मोफत वैद्यकीय उपचार मिळावेत, या देशभर मांडल्या जाणाऱ्या मागण्या त्याने वाचल्या, निवेदनाचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीने १५,००० गुणिले ३५ भागिले ७० असे मांडून उत्तर काढले. ते ७,५०० आले. “काका, तुम्ही किमान म्हणून जे मागताय ते सध्याच्या सूत्रात पूर्ण सेवा झालेल्याचं कमाल आहे,” असे तो म्हणाला आणि कागद परत फिरवला. शिष्टमंडळात एक निवृत्त फिटर, शेतकी खात्यातला एक चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचवणाऱ्या कामगाराला कारखान्यात चिटबॉय म्हणतात आणि साठी उलटली तरी तो बॉयच राहतो), दोन लिपिक आणि प्रस्तुत लेखक असे पाच जण होते. त्यांपैकी हिशेब विभागातील माणसाला हे गणित आधी सुचायला हवे होते. ते सुचले नव्हते, कारण मागणीचा आकडा वरून छापून आला होता आणि छापील आकड्याची बेरीज कोणी करत नाही.

त्या पेन्सिलीच्या हिशेबाने मागणी खोटी ठरली नाही. ती कोठे मांडायची ते मात्र कळले. सूत्र तसेच ठेवून किमान रक्कम वाढवायची असेल तर निधीत पैसा दुसरीकडून यावा लागतो, आणि तो येण्याची मुख्य जागा म्हणजे सरकारचा १.१६ टक्क्यांचा वाटा. १५,००० रुपयांवर हा वाटा महिना १७४ रुपये होतो. राज्यसभेच्या याचिका समितीने, म्हणजे नागरिकांनी संसदेपुढे ठेवलेल्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीने, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात किमान निवृत्तिवेतन ३,००० रुपये करण्याची आणि सरकारचा वाटा वाढवण्याची शिफारस केली होती. म्हणजे प्रश्न दयेचा न राहता एका संसदीय समितीच्या शिफारशीचे पुढे काय झाले, असा झाला. आणि असा प्रश्न विचारणे खासदारालाही सोयीचे असते, कारण त्यात त्याच्याच सभागृहाचा मान गुंतलेला असतो. यानंतरचे निवेदन एका पानाचे झाले. त्यातून ‘मुश्कील’ हा शब्द गेला, आणि एका सदस्याला त्याचे वाईट वाटले.

एक पथ्य मात्र न लिहिता पाळले गेले. खासदारकी किती वर्षे केली याची अट नसलेले माजी खासदारांचे निवृत्तिवेतन त्या काळात महिना २५,००० रुपये होते आणि मार्च २०२५ मधील अधिसूचनेने ते १ एप्रिल २०२३ पासून ३१,००० रुपये झाले, तर कामगाराला निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. ही तुलना चहाच्या टपरीवर रोज होत असे, पण कार्यालयात कोणी काढत नसे. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याच्या ताटाकडे बोट दाखवू नये, हा व्यवहार त्यामागे होता. त्यात भित्रेपणाही थोडा होताच.

आरोग्याच्या मागणीचा गुंता निवृत्तिवेतनापेक्षा अधिक होता. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे कामगार व मालक यांच्या वर्गणीतून चालणाऱ्या दवाखान्यांच्या व्यवस्थेत, किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयाने निवृत्त होणाऱ्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःवर व जोडीदारावर उपचार घेता येतात. ही सवलत ऐकायला उत्तम आहे. परंतु या योजनेलाही वेतनाची मर्यादा आहे (जानेवारी २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये झाली), आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ज्याचा पगार मर्यादेपलीकडे गेला, तो योजनेबाहेर पडत असल्याने निवृत्तीच्या दिवशी विमाधारक राहत नसे. अशा रीतीने पंचवीस वर्षे वर्गणी भरलेला कुशल कामगार वाढलेल्या पगारामुळे म्हातारपणी दवाखान्याबाहेर राही आणि त्याच्याच खात्यातला कमी पगाराचा मदतनीस आत जाई. २०२४ मध्ये ही अट काही प्रमाणात सैल करण्यात आली, तरी २०११ च्या सुमारास निवृत्त झालेल्यांना तिचा उपयोग नव्हता.

आमदारांकडे हा विषय नेला तेव्हा त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना खुल्या झालेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाचा उल्लेख केला. केंद्राच्या त्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि उत्पन्नाची अट नाही, हे खरे आहे व मोठेही आहे. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे असते, आणि म्हातारपणाचा बहुतेक खर्च दाखल न होता होतो. हा मुद्दा आमदारांना कोणत्याही आकडेवारीने पटला नसता असे वाटते. तो निवृत्त फिटरच्या कापडी पिशवीने पटवला. त्याने टेबलावर रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि बायकोच्या थायरॉईडच्या गोळ्यांच्या पट्ट्या ओळीने मांडल्या. एका पट्टीतल्या दहा गोळ्या कात्रीने दोन-दोन अशा कापलेल्या होत्या, कारण औषध दुकानदार ओळखीचा असल्याने तो पेन्शन जमा होईपर्यंत दोन-दोन गोळ्या सुट्या देत असे. आमदारांनी एक तुकडा उचलून उलटा केला आणि औषधाच्या मुदतीची तारीख कोठे आहे असे विचारले. ती तारीख दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहिली होती. त्याच दिवशी त्यांच्या पत्रावर आरोग्यमंत्र्यांना उद्देशून बाह्यरुग्ण औषधांची मागणी लिहिली गेली आणि तिची पोच आठ दिवसांत आली. पुढे काही आले नाही.

दिल्लीच्या फेरीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एसटीने पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट आणि पासष्टीपुढच्यांना निम्म्या तिकिटात कोल्हापूर गाठता येते, पण रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद असल्याने पाच जणांच्या पूर्ण तिकिटांसाठी वर्गणी काढावी लागली. रफी मार्गावरील श्रमशक्ती भवनात, जेथे श्रम मंत्रालय आहे, प्रवेशपत्रासाठी खिडकीपाशी दीड तास उभे राहावे लागले. जंतरमंतरवर इतर राज्यांतील पेन्शनर भेटले आणि त्यांच्या हातातही तोच ७,५०० चा फलक होता. त्यांच्यापैकी एका तेलुगू गृहस्थाला पेन्सिलीचा हिशेब दाखवला तेव्हा त्याने तो मोबाइलमध्ये टिपून घेतला.

या सर्वांतून अखेर एक गोष्ट निष्पन्न झाली: खासदारांनी श्रम मंत्रालयाला प्रश्न विचारला. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तराचे, म्हणजे तारांकित, वीस प्रश्न आणि लेखी उत्तराचे, म्हणजे अतारांकित, २३० प्रश्न घेतले जातात व त्यांची निवड सोडतीने होते. शिष्टमंडळाचा प्रश्न अतारांकितांत लागला. उत्तराची छापील प्रत आली तेव्हा ती आधीच्या अधिवेशनांत इतर खासदारांना मिळालेल्या उत्तरांशेजारी ठेवून वाचण्यात आली. योजनेचे स्वरूप, मालकाचे ८.३३ टक्के, सरकारचे १.१६ टक्के, निधीच्या विमागणिती मूल्यमापनात (म्हणजे पुढील देणी व आजची शिल्लक यांच्या ताळेबंदात) दिसणारी तूट आणि अर्थसंकल्पातून साहाय्य देऊन दिले जाणारे किमान एक हजार, हे परिच्छेद त्याच क्रमाने होते. याचिका समितीच्या शिफारशीविषयीच्या उपप्रश्नाला वेगळे उत्तर नव्हते; तो इतर उपप्रश्नांबरोबर ‘(अ) ते (ड)’ असा एकत्र बांधला गेला होता. चिटबॉयने विचारले की चार प्रश्नांना एकच उत्तर कसे चालते, आणि हिशेब विभागात असे कोणी केले असते तर काय झाले असते.

त्यावर असे ठरले की पुढच्या वेळी उपप्रश्न चार न घालता एकच घालावा, म्हणजे बांधायला दुसरा उरणार नाही. प्रश्नाची सूचना किमान पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्याबरोबर दिनदर्शिकेवर उलटे दिवस मोजून मसुदा स्वीय सहायकाकडे देण्यात आला, आणि त्याने तो वाचून, पेन्सिल न काढता, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला.