पुन्हा तेच पान

रोज काहीतरी नवे शिकायचे, हा नेम मी बरीच वर्षे पाळला. बँकेतून निवृत्त झाल्यावर तर त्याला ऊतच आला. थोडी कन्नड, थोडे आकाशदर्शन, थोडे बोन्साय. रात्री त्या दिवशीची गोष्ट वहीत उतरवायची आणि समाधानाने झोपायचे. माणसाने जन्मभर विद्यार्थी राहावे, असे मी सांगायचे. लोक कौतुक करायचे आणि ते मला आवडायचेही. आज हा नेम मी कुणाला सुचवणार नाही.

मत बदलले ते मोडी लिपीमुळे. पुण्यात मोडीच्या वर्गाला नाव घातले तेव्हा वहीत आणखी एक भर पडेल, एवढाच हिशेब होता. अक्षरे लवकर ओळखता येऊ लागली. ती सगळ्यांनाच येतात. मग फळ्यावरची बाराखडी संपते आणि हातात खऱ्या पत्राची झेरॉक्स पडते. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडव्या रेघा ओढलेल्या असतात आणि मग बोरू होता होईतो न उचलता तो धावत सुटतो. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. वेलांट्या सगळ्या दीर्घ, उकार सगळे ऱ्हस्व. अर्थ कळल्याशिवाय शब्द तोडता येत नाही आणि शब्द तुटल्याशिवाय अर्थ कळत नाही. त्यात ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘प॥’ म्हणजे परगणे, असे संक्षेप जागोजाग पेरलेले.

तारखेचे तर वेगळेच प्रकरण. सुहूर सन अरबी संख्याशब्दांत, तोही एकंपासून उलटा: ‘इहिदे सबैन मया व अलफ’. एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1171. हे साल मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून पत्र पावसाळ्यातले असेल तर 599 मिळवून 1770 आणि जानेवारी लागल्यावरचे असेल तर 600 मिळवून 1771.

एक पत्र मी अजून वाचते आहे. आधी ते घोड्यांच्या चंदीसाठी पैसे मागणारे साधे पत्र होते. जंत्री घेऊन तारीख सोडवली तेव्हा ते ऐन पावसातले निघाले. म्हणजे फौज छावणीला, स्वारी बंद, वसूल नाही, आणि घोड्यांना तर रोज दाणा हवाच. पुढे मायना समजू लागला. मागणारा मानाने मोठा आहे हे दिसले आणि त्या विनंतीला हुकमाचा वास यायला लागला. कागद तोच. त्या दिवसांत वहीत लिहायला काहीच नसायचे, कारण ‘आज पुन्हा तेच पत्र’ ही काही नोंद नव्हे.

जुनी वही मधे चाळली. रोहिणी तांबूस का दिसते, याचे कारण सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. पण गच्चीवर नेऊन रोहिणी दाखवा म्हणाल, तर मला सापडणार नाही.

इतिहासकार गो. स. सरदेसाई 1925 साली बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा साठीचे होते. मराठी रियासतीचे लेखन ते 1902 पासून करतच होते. पुढे 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले आणि ऐंशी उलटल्यावर, 1946 ते 1948 मध्ये, मराठ्यांचा तोच इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने मांडला. मला पूर्वी अशी माणसे एकमार्गी वाटायची. (व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी ‘आजची नवी माहिती’ पाठवणारे आमचे नातेवाईक मात्र चौफेर वाटायचे!)

मुलांनी दहा गोष्टींत हात घालावा, त्यांचे वयच तसे आहे. माझ्या वयाला मात्र रोजचे नवेपण म्हणजे पळवाट होती. कन्नडात क्रियापदांचा गुंता सुरू झाला आणि नेमके तेव्हाच मला बोन्साय सुचले.

कुणबी नोंदींचा शोध 2023 मध्ये जोरात सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना विचारणा वाढली आहे. शेजारचे एक गृहस्थ गावच्या कोतवाल बुकातल्या पानाचा फोटो घेऊन आले होते. मी नाही म्हटले. चिटणिशी वळण वाचणे वेगळे आणि इंग्रजी अमदानीत टाकाने घाईघाईत ओढलेले वेगळे. शिवाय त्या एका शब्दावर त्यांच्या नातवाचा जातीचा दाखला अवलंबून. त्यांना आमच्या सरांकडे पाठवले. फोटो मात्र मागून घेतला आहे. त्यातली दुसरी ओळ बहुधा लागते आहे.